खर्चाचे पाणी आणि ठेवीचे पाणी

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांचा ऊहापोह व्हावा. तेथे मोटारीच्या बॉनेटखालच्या दोन टाक्यांचे काय काम, अशी शंका एखाद्या श्रोत्याच्या मनात आली तर त्यात वावगे काही नाही. परंतु वसंत हा जसा व्याख्यानांचा, तसाच लग्नसराईचा, मुलांच्या सुट्टीचा आणि घाट चढण्याचाही ऋतू होय. सातआठ माणसांचे कुटुंब, टपावर बॅगा, आत एसी चालू, बाहेर वैशाखाचे ऊन आणि समोर पसरणीचा नाहीतर कुंभार्लीचा चढ. गाडीची खरी परीक्षा होते ती अशा वेळी. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असलेली गाडी, आणि झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसलेली आजी व नातवंडे, हे दृश्य आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. पुष्कळदा ते टाळता आले असते. ते कसे, हाच आजचा विषय.

सबंध कुटुंबाला एकत्र नेणारी गाडी आपल्याकडे फार जुनी नाही. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली; पुढे ओम्नी या नावाने ती २०१९ पर्यंत निघत होती. टोयोटाची क्वालिस २००० साली, इनोव्हा २००५ साली आणि मारुतीची अर्टिगा २०१२ साली आली. परदेशात जिला मिनिव्हॅन म्हणतात, तिला आपण सरळ ‘सेव्हन सीटर’ म्हणतो. अशा अलीकडच्या गाडीचे बॉनेट उघडले की प्लॅस्टिकच्या दोन टाक्या दिसतात. एकीच्या झाकणावर काच आणि तीवर उडणारे फवारे असे चित्र असते. दुसरी अर्धपारदर्शक असून तिच्या अंगावर दोन रेघा असतात आणि आत हिरवे, गुलाबी, लाल वा निळे द्रव्य असते. पहिली टाकी समोरची काच धुण्याच्या पाण्याची. दुसरी इंजिन थंड राखणाऱ्या द्रव्याची, म्हणजे कूलंटची.

दोन्ही टाक्यांत द्रव असतो, दोन्ही शेजारीशेजारी असू शकतात, आणि म्हणून दोन्हींस एकच नियम लावला जातो: कमी झाले की ओता. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. संसारात आपण रोजच्या खर्चाचे पैसे आणि ठेवीचे पैसे यांत भेद करतो. खर्चाचे पैसे संपायचेच असतात. ते संपले म्हणून कोणी घाबरत नाही. परंतु बँकेतील ठेव आपण हात न लावता कमी झाली, तर तीत आणखी रक्कम भरण्यापूर्वी आपण विचारतो, की पैसे गेले कोठे? काच धुण्याचे पाणी हे खर्चाचे पाणी आहे. कूलंट ही ठेव आहे. खर्चाचे पाणी संपले तर भरावे. ठेव घटली तर आधी चौकशी करावी. आजच्या विवेचनाचे सार एवढेच. बाकीचे सांगायचे ते या सूत्राचा विस्तार म्हणूनच.

मग ‘ओता’ ही सवय आपल्याला लागली कोठून? ती एकेकाळी बरोबरच होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपल्या राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या पिढीच्या मोटारींत रेडिएटरमधले पाणी तापून फुगले की जादा पाणी एका नळीवाटे रस्त्यावर सांडे. ते परत येण्याची सोय नव्हती. घाटमाथ्यावर गाडी थांबवायची, पाण्याचा डबा आणायचा आणि रेडिएटर भरायचा, हा तेव्हाच्या चालकाच्या कामाचाच भाग होता. पुढे सोय बदलली. फुगलेले द्रव्य आता टाकीत जाऊन बसते आणि इंजिन निवाले की तेथून परत ओढले जाते. काही गाड्यांत तर ती टाकीच दाबाखाली असते. याप्रमाणे मंडल बंद झाले, आत गेलेले आतच राहू लागले. यंत्र बदलले, पण डब्याची सवय तशीच राहिली.

आता प्रथम खर्चाच्या पाण्याचा विचार करू. ते साधे असले तरी क्षुल्लक नव्हे. पावसाळ्यात पुढचा ट्रक तांबड्या चिखलाचा फवारा काचेवर मारतो, किंवा माघातल्या संध्याकाळी मावळतीचे ऊन धुळीने माखलेल्या काचेवर पडते, तेव्हा क्षणभर समोरचे काहीही दिसत नाही. अशा वेळी कोरडा वायपर फिरवला तर धूळ पुसली जात नाही, ती सारवली जाते. शिवाय काचेवर बारीक ओरखडे पडतात ते कायमचे.

दांडी ओढली आणि पाणी आले नाही, तर दुरुस्तीला नेण्यापूर्वी कानांचा उपयोग करावा. इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून, दांडी दोनतीन सेकंद ओढावी आणि पंपाची गुणगुण ऐकू येते का ते पाहावे. गुणगुण ऐकू येते पण पाणी येत नाही, याचा अर्थ पंप व वीज ठीक आहेत. दोष पाण्याच्या वाटेत आहे. टाकी रिकामी असेल, नळी निसटली असेल, ती उंदराने कुरतडली असेल, किंवा फवाऱ्याचे भोक क्षाराने बुजले असेल. सोसायट्यांच्या वाहनतळावर उंदरांचा उपद्रव ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बुजलेले भोक बारीक सुईने हलकेच मोकळे होते. गुणगुणच ऐकू आली नाही, तर आधी फ्यूज पाहावा. तो शाबूत असेल तर पंप किंवा दांडीतील बटण यांकडे वळावे. टाकी रिकामी असताना दांडी धरून ठेवू नये. पंपाला पाण्याचाच गारवा असतो. कोरडा फिरला की तो जळतो.

सेव्हन सीटरमध्ये एक अधिक भानगड असते ती मागच्या काचेची. तिला पाणी नेणारी नळी गाडीच्या संपूर्ण लांबीतून जाते आणि मागच्या दाराच्या बिजागरीपाशी प्रत्येक उघडझापीबरोबर वाकते. ती तेथेच तुटण्याचा संभव फार. मागच्या काचेला पाणी येत नसेल आणि छताचे अस्तर किंवा मागच्या कोपऱ्यातील गालिचा ओला लागत असेल, तर पावसाला दोष देण्याआधी ही नळी पाहावी.

टाकीत घालावे काय? आपल्या पठारावरील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्याचे पांढरे ठिपके काचेवर राहतात आणि क्षार भोकांत साठतो. कपड्यांची पूड वा भांड्यांचा साबण घातला तर फेस होतो आणि काचेवर पापुद्रा धरतो. मऊ पाण्यात काच धुण्याचे बाजारी द्रव्य बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळणे, हेच सोपे. नुसते पाणी महिनोन्महिने साठून राहिले की त्यात शेवाळ धरते आणि दुर्गंधी येते. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या टाकीत नुसते पाणी वापरणाऱ्या वाहनचालकांत लिजिओनेअर्स या न्यूमोनियाच्या प्रकाराचा धोका अधिक असल्याचे दिसून आले. कोमट, साचलेले पाणी आणि त्याचा बारीक फवारा हे या रोगाच्या जंतूंना मानवते. तेव्हा स्वच्छता येथेही हवीच.

आता ठेवीकडे वळू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर पडतो, आणि जवळजवळ तेवढीच उष्णता इंजिनच्या धातूत मुरते. ती सतत काढून घेतली नाही तर धातू वाकेल. हे काम कूलंट करते. पंप त्याला इंजिनातून फिरवतो. तापलेले द्रव्य रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते. समोरचा वारा किंवा विजेचा पंखा त्याला निववतो. आणि ते पुन्हा इंजिनात येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान असतो. त्याच्या पोटात मेण असते. सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ते मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. इंजिन थंड असताना ती वाट बंदच असते, म्हणून ते लवकर ऊब धरते.

या मंडलाचे झाकण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील कुकरच होय. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर सुमारे ९५ अंशांवरच उकळते. दाब दिला की उकळबिंदू चढतो. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मेनिम्मे मिश्रण साध्या दाबाखाली १०७ अंशांच्या आसपास उकळते, पण झाकणाच्या दाबाखाली ते सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच चांगल्या स्थितीतील गाडीला घाटमाथ्याची फारशी भीती नसते. ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी द्रव्येही त्यात असतात, आणि ती काळाने क्षीण होतात. यास्तव पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने कूलंट बदलावे लागते. अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक गारवा, हा मात्र भ्रम आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. सबब दाट कूलंट असेल तर त्यात सांगितल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे, आणि तयार मिश्रण असेल तर त्यात काहीही मिसळू नये. रंगावरही विसंबू नये. रंगाला सर्वमान्य नियम नाही. एकाच रंगाची दोन द्रव्ये निराळ्या जातीची असू शकतात.

ठेव घटली आहे की नाही हे पाहण्याची वेळ म्हणजे सकाळची, गाडी रात्रभर निवलेली असताना आणि सपाट जागेवर उभी असताना. द्रव्य दोन रेघांच्या मध्ये असावे. टाकीवर पेनाने खूण करून तारीख लिहावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. वर्षभरात केसभर फरक पडणे, किंवा नुकतेच कूलंट बदलले असता आत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरणे, हे स्वाभाविक होय. परंतु दर महिन्यास ओतावे लागत असेल तर ठेव कोठेतरी गळते आहे, हे निश्चित समजावे.

कोठे गळते याच्या वाटा तीन. पहिली बाहेरची. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर रंगीत, बोटांना किंचित बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा डाग दिसला तर ते कूलंट. स्वच्छ, बिनवासाचे पाणी असेल तर ते एसीचे निथळलेले पाणी. त्याची काळजी नको. डाग सापडला की त्याच्या वरच्या बाजूस रबरी नळ्यांची टोके, रेडिएटरचे सांधे आणि पाण्याचा पंप पाहावा. गळतीच्या जागी वाळलेल्या कूलंटची रंगीत पपडी धरते. दुसरी वाट गाडीच्या आतली. हिवाळ्यात आत ऊब देणारा एक छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो. तो फुटला तर आत गोड वास येतो, पुढच्या काचेवर तेलकट धुके धरते आणि पायाखालचा गालिचा भिजतो. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काचेवरचे हे धुके पाहून मनुष्य काच धुण्याच्या पाण्याला दोष देतो, आणि दोष असतो दुसऱ्या टाकीकडे!

तिसरी वाट सर्वांत वाईट, ती इंजिनच्या पोटातली. हेड गॅस्केट गेले की कूलंट सिलिंडरमध्ये शिरून जळते किंवा ऑइलमध्ये मिसळते. पुठ्ठा कोरडा राहतो आणि पातळी मात्र उतरत जाते. इंजिन चांगले तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोड वासाचा धूर येत राहणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, आणि ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होणे, या तिच्या खुणा. थंडीपावसात थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली किंचित साय दिसणे हे केवळ बाष्पाचेही असू शकते. परंतु मापपट्टीवरील ऑइलच दुधाळ झाले असेल, तर गाडी चालू न करता ओढून न्यावी.

कित्येकदा ठेव पूर्ण असते, तरीही गाडी तापते. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: ती तापते केव्हा? शहरातल्या कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा फिरत नाही असे समजावे. कारण वेगात वारा पंख्याचे काम करतो. कोंडीत ठीक असते, पण घाटात आणि वेगात तापते, तर बहुधा रेडिएटर बुजलेला असतो. बाहेरून चिखल आणि किडे, आतून क्षार. थोड्याच वेळात भराभर तापते आणि इंजिन गरम असूनही रेडिएटर थंडच राहतो, तर दरवानाने वाट उघडलेली नाही. गाडी कधी पुरती तापतच नाही आणि इंधन अधिक पिते, तर दरवान उघडा राहून अडकला आहे. गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी तापते’ एवढेच सांगण्याऐवजी ‘कोंडीत तापते’ किंवा ‘चढावर तापते’ असे सांगितले, तर मिस्त्रीचे निम्मे काम तेथेच होते आणि आपले नको ते सुटे भाग बदलण्याचे पैसे वाचतात.

आणि घाटातच काटा चढू लागला तर? प्रथम एसी बंद करावा. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा. उकाडा सोसावा लागेल, पण इंजिनची तेवढी उष्णता बाहेर पडेल. सुरक्षित जागा पाहून थांबावे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन तत्काळ बंद करावे, आणि वाफ निघत असेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नये. काटा एकाएकी खाली आला म्हणून हायसे वाटून घेऊ नये. कूलंट पार निघून गेले की मापक कोरडा पडतो आणि चुकीचा थंडपणा दाखवू शकतो.

येथे एक गोष्ट आम्हांला पुनःपुन्हा सांगावीशी वाटते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. शिट्टी न काढता कुकर उघडण्याचा अविचार घरातील कोणीही शहाणी बाई करणार नाही. रस्त्यावर मात्र घाईत असलेला मनुष्य नेमके तेच करतो. दाब सुटताक्षणी शंभर अंशांहून अधिक तापलेल्या द्रव्याची वाफ होते आणि ते तोंडावर, हातांवर उसळते. बाजूला कुतूहलाने उभे असलेले लहान मूल तर नेमके त्या उंचीवर असते. अर्धा तास, आणि जरूर तर तासभर, थांबावे. नळ्या हाताला गार लागल्यावर जाड फडके घेऊन झाकण हळूहळू सैल करावे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे दूर ठेवावीत. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, धातू तडकतो. कूलंट हाताशी नसेल तर निवलेल्या इंजिनात स्वच्छ पाणी घालून जवळचे गॅरेज गाठण्यास हरकत नाही. परंतु ती उसनवारी आहे. परतल्यावर गळती शोधावी आणि मिश्रण पूर्ववत करावे.

दोन टाक्यांची अदलाबदल झाली तर काय? कूलंट काचेच्या टाकीत गेले तर काचेवर तेलकट पापुद्रा धरून ऐन वेळी दिसेनासे होते. टाकी व नळ्या रिकाम्या करून धुवाव्यात. उलट, काचेचे साबणयुक्त द्रव्य कूलंटमध्ये गेले तर फेस होतो आणि गंजापासूनचे संरक्षण ढासळते. अशा वेळी इंजिन चालूच करू नये. चालू केले नाही तर पुष्कळदा टाकी रिकामी करून धुण्यावर भागते. हायब्रिड गाड्यांत तर इन्व्हर्टरच्या कूलंटसाठी आणखी एक टाकी असू शकते. ओतण्यापूर्वी झाकणावरील चित्र पाहणे, हा याला एकच उपाय.

शेवटी घरातील मुलांसंबंधी एक शब्द. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. हा संयोग घातक होय. ते मूत्रपिंडे निकामी करते, प्राणही घेते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात. उरलेले कूलंट शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची आपल्याकडील रीत ताबडतोब सोडली पाहिजे. ते मूळच्या डब्यात, मुलांच्या हाताला न लागेल असे ठेवावे. सांडलेले भरपूर पाण्याने धुवावे, आणि जुने काढलेले कूलंट गटारात न सोडता गॅरेजमध्ये द्यावे.

हे सर्व करण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. महिन्यातून एका सकाळची पाच मिनिटे लागतात. वेळीच बदललेली एक रबरी नळी इंजिनचे हेड उतरवण्याचा खर्च वाचवते, याहून चांगला व्यवहार शोधून सापडणार नाही. काचेचे पाणी संपले तर निःशंकपणे भरा. कूलंट उतरले तर हातातील बाटली क्षणभर खाली ठेवा, आणि ते गेले कोठे हे आधी शोधा. उत्तर सापडल्यावरच घाटाची वाट धरा.